रिमोट काम करणाऱ्याने परक्या शहरात कोणत्या भागात राहावे?

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

मी सॉफ्टवेअर कंपनीसाठी तांत्रिक लेखन करते आणि माझे काम पूर्णपणे रिमोट आहे. पुढचे तीन महिने एका परक्या मोठ्या शहरात राहून हेच काम करायचे ठरवले आहे. शहर नक्की झाले आहे, तिथे राहून काम करण्याची परवानगीही हाती आली आहे. अडले आहे ते शहरातला भाग निवडण्यापाशी. शहराचे नाव मुद्दाम देत नाही, कारण इथली चर्चा दुसऱ्या कोणत्याही शहरात जाणाऱ्याला उपयोगी पडावी अशी इच्छा आहे.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला म्हणजे शहराचा जुना मध्यभाग. तिथे पाहण्यासारखे सगळे पायी गाठता येते, मात्र इमारती जुन्या आहेत आणि पर्यटकांची वर्दळ मोठी आहे. दुसरा भाग मध्यभागापासून मेट्रोने वीसेक मिनिटांवर असून तिथे प्रामुख्याने स्थानिक कुटुंबे राहतात. तिसरा भाग नव्या कार्यालयांचा. तिथल्या इमारती नव्या, इंटरनेट वेगवान आणि को-वर्किंगच्या जागा (भाड्याने मिळणारी सामायिक कार्यालये) भरपूर आहेत.

माझी टीम माझ्यापेक्षा पाच तास मागे असेल, त्यामुळे माझे काम दुपारी २ ते रात्री १० या वेळेत चालेल आणि त्यातले तीन-चार तास व्हिडिओ कॉलवर जातील. मी एकटीच जात आहे. काही दिवस घरून आणि काही दिवस को-वर्किंगमधून काम करण्याचा विचार आहे. अशा परिस्थितीत भाग निवडताना कोणती गोष्ट आधी पाहावी आणि कोणती मागे ठेवावी, याबद्दल जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

तीनच महिने राहायचे असेल तर मध्यभागच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. इतक्या कमी मुदतीत दूरच्या भागाशी ओळख होईपर्यंत परतण्याची वेळ येते, आणि सुटीच्या प्रत्येक दिवशी जाण्यायेण्यात वेळ जातो तो वेगळाच. भाडे जास्त पडते हे खरे, परंतु वाचलेल्या वेळेचेही मोल धरले पाहिजे.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण थोडे विस्ताराने मांडतो. माझे सगळे काम गेली बरीच वर्षे वेगवेगळ्या शहरांत राहूनच चालले आहे.

धागाकर्तीने तीन भागांचे वर्णन नीट दिले आहे, पण निवडीच्या दृष्टीने त्यांच्या मजकुरातली सर्वांत मोलाची माहिती 'दुपारी २ ते रात्री १०' ही आहे. एकच गल्ली सकाळी ९ वाजता, दुपारी ४ वाजता आणि रात्री ११ वाजता तीन वेगवेगळ्या वस्त्यांसारखी वागते. प्रवासाच्या लेखांत भागांचे जे वर्णन येते, ते दिवसभर मोकळ्या असलेल्या माणसाच्या नजरेतून आलेले असते. तुम्ही मात्र दुपारपासून रात्रीपर्यंत खुर्चीला बांधलेल्या असाल, सकाळ तुमची असेल आणि रात्री १० नंतरचा एखादा तास. म्हणून नकाशा उघडण्यापूर्वी आपल्या दिवसाचे वेळापत्रक कागदावर लिहा आणि प्रत्येक भागाला त्या वेळापत्रकासमोर उभे करून तपासा.

आता हे तुमच्या तीन भागांना लावून पाहू. पर्यटकांच्या मध्यभागाला जाग येते ती संध्याकाळी, म्हणजे नेमकी तुमच्या महत्त्वाच्या कॉलच्या वेळी. रस्त्यावरचे गायन-वादन, उघड्यावर मांडलेली टेबले, चाकांच्या बॅगा फरशीवरून ओढल्याचा आवाज, हे सगळे ६ ते ११ या वेळेत टिपेला पोहोचते. काम संपवून तुम्ही झोपण्याच्या तयारीला लागाल तेव्हाही खाली गर्दी असेल. कार्यालयांच्या भागाचे याच्या अगदी उलट असते. दिवसा तो गजबजलेला असतो, पण संध्याकाळी ७ नंतर आणि सुटीच्या दिवशी तिथली दुकाने, खाणावळी बंद होतात आणि रस्ते रिकामे पडतात. सकाळी ९ ते ५ काम करणाऱ्याला तो भाग सोयीचा. तुम्ही मोकळ्या व्हाल तेव्हा मात्र तिथे चिटपाखरूही नसेल. राहता राहिला कुटुंबवस्तीचा भाग. तिथे सकाळी बाजार भरलेला असतो, उद्यानात माणसे असतात, वाचनालय उघडे असते, आणि तुमचीही सकाळ मोकळी असते. तुमचे घड्याळ तिथल्या घड्याळाशी सर्वांत जास्त जुळते.

दुसऱ्या कोणाचे घड्याळ वेगळे असेल तर उत्तरही बदलेल. बँकॉकमध्ये राहून न्यूयॉर्कच्या ९ ते ५ या वेळेत काम करणाऱ्याचा दिवस हिवाळ्यात रात्री ९ ला सुरू होतो आणि पहाटे ५ ला संपतो. त्याला दिवसा झोपायचे असते, म्हणून शाळेचे मैदान, बांधकाम आणि सकाळचा बाजार हे त्याचे शत्रू, आणि रात्रभर जागा असलेला भाग त्याचा मित्र. याउलट मेक्सिको सिटीमधून न्यूयॉर्कसाठी काम करणाऱ्याचा फरक हिवाळ्यात १ तासाचा आणि उन्हाळ्यात, न्यूयॉर्कची घड्याळे एक तास पुढे केली जातात तेव्हा, २ तासांचा असतो, त्यामुळे तो जवळजवळ स्थानिक नोकरदारासारखाच जगू शकतो. 'रिमोट कामासाठी उत्तम भाग' अशा याद्या मला म्हणूनच कमी उपयोगाच्या वाटतात. त्या कोणत्या वेळेच्या माणसासाठी केल्या आहेत, हे त्यांत कधीच लिहिलेले नसते.

प्रतिसाद ३

मी नेटवर्क अभियंता आहे, त्यामुळे इंटरनेटपुरते लिहितो. 'भागात इंटरनेट वेगवान आहे' या वाक्यावर विसंबू नका. इंटरनेट भागाला नसते, इमारतीला असते, आणि पुष्कळदा तर घराला असते. एकाच रस्त्यावरच्या एका इमारतीत फायबर (प्रकाशाने माहिती नेणारी काचेची तार) थेट घरात आलेली असते आणि शेजारच्या जुन्या इमारतीत शेवटचा टप्पा अजून तांब्याच्या तारेवर असतो. तांब्याच्या तारेवर अंतर वाढेल तसा वेग झपाट्याने घसरतो.

व्हिडिओ कॉलला लोकांना वाटते तेवढा वेग लागत नाही. उत्तम दर्जाच्या गट-कॉलसाठीही सेकंदाला साधारण ३ ते ४ मेगाबिट पुरतात. अडचण असते ती अपलोडची आणि विलंबाची. जाहिरातीत डाउनलोडचा आकडा मोठ्या अक्षरात असतो, पण टीव्हीच्या केबलवरून येणाऱ्या जोडण्यांमध्ये अपलोड त्याच्या एखाद्या लहानशा अंशाइतकाच मिळतो. आवाजाच्या संभाषणासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे टीम साडेपाच हजार किलोमीटर दूर असली तरी निव्वळ अंतरापोटी एका दिशेला २८ मिलिसेकंदांच्या आसपास जातात. अंतर तुमचे फारसे बिघडवत नाही. बिघडवतो तो घरातला राउटर, भिंतीआडचा वायफाय आणि इंटरनेटवरची संध्याकाळची गर्दी.

या गर्दीचा तुमच्या वेळेशी थेट संबंध आहे. घरगुती फायबरच्या जीपॉन या रूढ प्रकारात २.५ गिगाबिट डाउनलोड आणि १.२५ गिगाबिट अपलोड इतकी क्षमता साधारणपणे ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. रात्री ८ ते १० या वेळात सगळी घरे चित्रपट पाहायला बसतात आणि तुम्ही त्याच वेळी कॉलवर असता. म्हणून घरमालकाला केवळ वेगचाचणीचे छायाचित्र मागू नका. चाचणी रात्री ९ वाजता, कामाच्या टेबलापाशी बसून, वायफायवर करायला सांगा, आणि छायाचित्रात अपलोड, पिंग (विलंबाचा आकडा) व वेळ हे तिन्ही दिसू द्या. चांगले घरमालक हे आनंदाने करतात. जो टाळाटाळ करतो, त्याचे घर सोडून द्यावे.

पर्याय म्हणून मोबाइल डेटा हवाच. जाड दगडी भिंती आणि उष्णता अडवण्यासाठी धातूचा पातळ थर दिलेल्या नव्या काचा, या दोन्हींमुळे घरात सिग्नल क्षीण होतो, त्यामुळे जुन्या आणि नव्या दोन्ही प्रकारच्या इमारतींत हे तपासावे लागते. वीज जाण्याची शक्यता असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: फायबरच्या जोडणीला घरातल्या उपकरणाची वीज लागते. राउटर आणि फायबरचा डबा चालवण्यापुरता छोटा बॅटरी बॅकअप जवळ असला, तर लॅपटॉपच्या बॅटरीवर कॉल पूर्ण करता येतो.

धागाकर्ती

तिन्ही प्रतिसादांसाठी मनापासून आभार. वेळापत्रकाच्या अंगाने मी विचारच केला नव्हता. आवाजाबद्दल एक विचारते: घर दुरूनच ठरवायचे असताना तिथला आवाज किती असेल याचा अंदाज कसा घ्यायचा? आणि रात्री १० नंतर को-वर्किंगमधून एकटीने परतायचे असेल तर काय पाहावे?

प्रतिसाद ४

आवाजाबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखे आहे, कारण माझे शिक्षण ध्वनिशास्त्राचे आहे.

युरोपीय संघात २००२ च्या निर्देशानुसार १ लाखांहून अधिक वस्तीच्या नागरी भागांना दर पाच वर्षांनी आवाजाचे नकाशे तयार करावे लागतात आणि ते कोणालाही पाहता येतात. रस्ता, रेल्वे, विमानतळ यांचे वेगवेगळे रंगीत पट्टे त्यांत असतात. इतरत्रही काही महानगरपालिका असे नकाशे देतात, म्हणून सर्वप्रथम ते शोधावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शनात रस्त्यावरच्या वाहतुकीचा रात्रीचा सरासरी आवाज घराबाहेर ४५ डेसिबलच्या आत असावा अशी शिफारस आहे. नकाशा वाचताना हा आकडा हाताशी ठेवावा. १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जा दहापट होणे, त्यामुळे ५५ आणि ६५ हे आकडे कागदावर जवळचे वाटले तरी कानाला तसे वाटत नाहीत.

मात्र नकाशात वाहतूक येते, माणसे येत नाहीत. मद्यालयाबाहेर उभी राहून बोलणारी मंडळी, खालच्या मजल्यावरचे संगीत, पहाटे रिकाम्या बाटल्या उचलणारी गाडी यांचा पत्ता नकाशाला नसतो. त्यासाठी त्या इमारतीच्या आसपास दीडशे-दोनशे मीटरच्या आत रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी ठिकाणे किती आहेत, ते त्यांच्या वेळांसह पाहावे. संगीतातला खालच्या पट्टीचा ठोका भिंती आणि काचा सहज ओलांडतो. दुहेरी काच त्यावर फारसा इलाज करत नाही.

एक गोष्ट लोक विसरतात. वाहत्या रस्त्यापासून अंतर दुप्पट केले तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने उतरतो, पण मध्ये एक सलग इमारत आली तर त्याहून कितीतरी अधिक उतरतो. म्हणून 'मुख्य रस्त्यापासून किती लांब' यापेक्षा 'खिडकी कुठे उघडते' हा प्रश्न महत्त्वाचा. गजबजलेल्या रस्त्यावरचे पण आतल्या चौकाकडे उघडणारे घर, शांत म्हणवणाऱ्या गल्लीतल्या रस्त्याकडे उघडणाऱ्या घरापेक्षा अधिक शांत असू शकते. घरमालकाला विचारताना 'घर शांत आहे का' असे विचारू नये, त्याला उत्तर होकारार्थीच येते. झोपण्याच्या आणि कामाच्या खोलीची खिडकी कुठे उघडते आणि शेजारी बांधकाम चालू आहे का, हे दोनच प्रश्न विचारावेत.

ओघात उन्हाचेही सांगतो. तुमचे काम दुपारी असल्याने पश्चिमेकडच्या खिडकीचे तिरपे ऊन उन्हाळ्यात थेट स्क्रीनवर आणि डोळ्यांवर येईल. सर्वांत वरचा मजला असेल तर संध्याकाळपर्यंत तो तापलेलाही असेल. घर कोणत्या दिशेला आहे ते उपग्रह-नकाशावरून कळते.

प्रतिसाद ५

एकटीने परतण्याबद्दल लिहिते. मी स्वतः रात्रीच्या पाळीत रिमोट काम करते.

शहराच्या गुन्हेगारीचे सरासरी आकडे पाहून फारसे काही हाती लागत नाही, कारण तुम्ही सरासरी शहरातून चालत नाही, तुम्ही एका ठरावीक रस्त्याने एका ठरावीक वेळी चालता. को-वर्किंगच्या दारापासून घराच्या दारापर्यंतचा तो एकच रस्ता पूर्ण तपासा. रस्त्याची छायाचित्रे दाखवणाऱ्या नकाशावर एकेक चौक पुढे जात पाहा: दिवे आहेत का, तळमजल्यावर दुकाने-खिडक्या आहेत की लांबच लांब कोरी भिंत, मध्ये भुयारी मार्ग किंवा बाग येते का. छायाचित्र कोणत्या वर्षाचे आहे तेही पाहा, ते जुने असू शकते. शहरांवर लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये मांडलेला विचार इथे तंतोतंत लागू पडतो: वेगवेगळ्या कारणांसाठी, वेगवेगळ्या वेळी माणसे ज्या रस्त्यावर येत-जात राहतात, त्या रस्त्यावर आपोआपच लक्ष राहते. कार्यालयांच्या भागात हे रात्री घडत नाही, म्हणून तिथली नवीकोरी इमारत मला सुरक्षिततेचा पुरावा वाटत नाही.

मेट्रोवर अवलंबून राहणार असाल तर शेवटच्या गाडीची वेळ आणि रात्री १० नंतर दोन गाड्यांमधले अंतर पाहून ठेवा. न्यूयॉर्कसारखी चोवीस तास चालणारी मेट्रो हा अपवाद आहे; बहुतेक शहरांत मध्यरात्रीच्या सुमारास ती थांबते, आणि दिवसा तीन मिनिटांनी येणारी गाडी रात्री पंधरा मिनिटांनी येते. वीस मिनिटांचा प्रवास त्या वेळी वीस मिनिटांचा राहत नाही. माझा आग्रह असा की को-वर्किंग घरापासून पायी दहा-बारा मिनिटांच्या आतच असावे. आणि ते रात्री १० पर्यंत उघडे असते का, हे आधी विचारून घ्या. 'चोवीस तास' ही सवलत बऱ्याचदा महिन्याचे सभासदत्व घेणाऱ्यांनाच असते.

प्रतिसाद १ (पुन्हा)

प्रतिसाद २ मधला वेळेचा मुद्दा मान्य आहे. तरी एका गोष्टीकडे सगळ्यांनीच दुर्लक्ष केले आहे असे वाटते. एकटी व्यक्ती तीन महिने घरून काम करणार असेल तर खरा धोका आवाजाचा नसून एकटेपणाचा आहे. कुटुंबवस्तीत लोक सौजन्याने वागतात, पण त्यांचे आपापले वर्तुळ पूर्ण असते आणि भाषा येत नसेल तर संभाषण नमस्कारापलीकडे जात नाही. मध्यभागात निदान आपल्यासारखी बाहेरून आलेली माणसे भेटतात.

प्रतिसाद २ (पुन्हा)

हा आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. समाजशास्त्रज्ञ रे ओल्डेनबर्ग यांनी १९८९ मध्ये 'तिसरी जागा' ही कल्पना मांडली: घर ही पहिली, कामाची जागा ही दुसरी, आणि जिथे माणूस सहज जाऊन बसतो, ओळखीचा होतो, ती तिसरी. रिमोट कामात पहिली आणि दुसरी जागा एकाच खोलीत येतात, त्यामुळे तिसरीवरचा भार वाढतो.

पण तिसरी जागा गर्दीतून तयार होत नाही, ती पुनरावृत्तीतून तयार होते. त्याच वेळी, त्याच ठिकाणी, तीच माणसे पुन्हा दिसली की ओळख होते. मध्यभागातली माणसे दर तीन-चार दिवसांनी बदलतात, त्यामुळे तिथे ओळखी चटकन होतात आणि तितक्याच चटकन संपतात. धागाकर्तीच्या सकाळी मोकळ्या आहेत. कुटुंबवस्तीतला पोहण्याचा तलाव, व्यायामाचा वर्ग, भाषेचा वर्ग सकाळीच चालतात. यांपैकी एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात सुरू करावी आणि ती घरापासून पायी जाण्यासारखी असावी. माणूस साधारण ताशी ५ किलोमीटर चालतो, म्हणजे पंधरा मिनिटांत सव्वा किलोमीटर. नकाशावर घराभोवती तेवढे वर्तुळ कल्पून रोजच्या गरजा त्यात मावतात का ते पाहावे. मात्र अंतर पायवाटेने मोजावे, कारण मध्ये लोहमार्ग, नदी किंवा चढ आला तर सरळ रेषेतल्या अंतराला काही अर्थ राहत नाही. शहरांचे अभ्यासक कार्लोस मोरेनो यांनी २०१६ मध्ये 'पंधरा मिनिटांचे शहर' ही संकल्पना मांडली ती नगररचनेसाठी, पण रिमोट काम करणाऱ्याला ती घर निवडण्याची चाळणी म्हणूनही वापरता येते.

प्रतिसाद ६

एक कायदेशीर बाजू राहिली. अल्पमुदतीच्या भाड्यांमुळे स्थानिकांना घरे मिळेनाशी झाली, अशी तक्रार अनेक शहरांत आहे आणि नियम कडक होत आहेत. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांहून कमी मुदतीसाठी घर देणाऱ्याला नोंदणी करावी लागते आणि पाहुणा असताना त्याच घरात राहावे लागते. बार्सिलोनाने जून २०२४ मध्ये जाहीर केले की पर्यटकांना भाड्याने देण्याच्या सुमारे १० हजार घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपुष्टात येतील. तुमच्या शहरात नोंदणी सक्तीची असेल तर जाहिरातीत क्रमांक आहे का ते पाहा, कारण विनानोंदणी घराचे आरक्षण ऐनवेळी रद्द होऊ शकते. तीन महिन्यांसाठी मला पर्यटकांच्या घरापेक्षा मध्यम मुदतीचा लेखी भाडेकरार अधिक योग्य वाटतो. भाडे बहुधा कमी पडते, आणि ज्या वस्तीत आपण राहतो तिच्यावर आपला भारही कमी पडतो. या दुसऱ्या गोष्टीला मी पहिलीइतकेच महत्त्व देतो.

धागाकर्ती

सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल कृतज्ञ आहे. मी आता कुटुंबवस्तीच्या भागाकडे झुकले आहे, पण तीन महिन्यांचा करार दुरून करणार नाही. पहिला आठवडा त्याच भागात तात्पुरती खोली घेईन, कामाच्या वारी आणि कामाच्याच वेळेत दोन-तीन घरे पाहीन, रात्री १० नंतर को-वर्किंगपासून घरापर्यंत एकदा चालून बघेन, आणि मगच सही करेन. आतल्या चौकाकडे उघडणारी खोली आणि रात्री ९ ची वेगचाचणी या दोन अटी मी घरमालकांना कळवल्याही आहेत. एकाने चाचणी करून छायाचित्र पाठवले, त्यात अपलोड समाधानकारक आहे. माझे वास्तव्य फेब्रुवारीपासून एप्रिलअखेरपर्यंत आहे. आणखी काही लक्षात ठेवण्यासारखे असेल तर जरूर सांगा.

प्रतिसाद ३ (पुन्हा)

तारखा वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटते. तुमची टीम अमेरिकेत आणि तुम्ही युरोपात असाल, तर मार्चमध्ये वेळेतला फरक बदलेल. उन्हाळ्यासाठी अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि युरोपीय संघात शेवटच्या रविवारी. मधले दोन किंवा तीन आठवडे तुमचा फरक पाचऐवजी चार तासांचा होईल, म्हणजे काम दुपारी १ ला सुरू होऊन रात्री ९ ला संपेल. सकाळचा वर्ग निवडताना तो १२ च्या आत संपून घरी पोहोचता येईल असा घ्या, आणि को-वर्किंगमधली कॉलची खोली त्या आठवड्यांसाठी आधीच नव्या वेळेने राखून ठेवा.